घड्या घालताना ऐकलेले खून

रात्रीचे साडेदहा. धुऊन वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर पडलेला. उशीचा अभ्रा चौपदरी करता करता कानात एक बाई शांत आवाजात सांगत होती की, मयताच्या बुटांना लागलेली माती त्या बागेतली नव्हतीच. माझा हात थबकला. म्हणजे आधी दुसरीकडे नेलं असणार! मग अभ्र्याच्या कडा जुळवल्या, तो बाजूला ठेवला आणि टॉवेल घेतला.

मुलानं मध्यंतरी माझ्या एका कानातला इयरफोन काढून स्वतःच्या कानात घातला होता. अर्धं मिनिट ऐकलं आणि परत दिला. "आई, हे ऐकून तुला झोप कशी लागते गं?"

लागते. चांगली लागते. अडचण तिथंच आहे. भीती वाटली असती, रात्री दचकून जाग आली असती, तर मी निदान माणसात आहे याचा पुरावा तरी मिळाला असता. पण कुणाचा तरी गळा आवळला गेल्याचं ऐकत ऐकत मी मोज्यांच्या जोड्या लावते, आणि त्या वेळी मनाला जी शांतता असते ती दिवसभरात दुसऱ्या कुठल्या वेळी नसते. हे चारचौघांत सांगायला जीभ रेटत नाही. वाचनाची आवड विचारली तर मी अजूनही 'ललित' म्हणते.

बरं, मला रक्ताची आवड आहे असंही नाही. सिनेमात कुणी सुरा उपसला की मी उशी तोंडावर धरते. रक्त तपासायला दिलं तर सुई टोचताना मान फिरवते. तरीही ट्रू क्राइमचा, म्हणजे खऱ्या गुन्ह्यांच्या पॉडकास्टचा, नवा भाग आला की तो आधी ऐकायचा असतो.

ही लाज आजची नाही, एवढाच एक दिलासा. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये, चौथ्या भागात, लिऑन्टियस नावाच्या माणसाची गोष्ट येते. तो पिरेयस बंदराकडून अथेन्सला येत असतो. तटाच्या बाहेरच्या अंगानं चालताना त्याला जल्लादापाशी पडलेली, देहदंड दिलेल्यांची प्रेतं दिसतात. बघावंसं वाटतं आणि स्वतःचीच किळसही येते. तो तोंड झाकून घेतो, बराच वेळ स्वतःशी झगडतो. शेवटी राहवत नाही. डोळे टक्क उघडून तो प्रेतांकडे धावत जातो आणि स्वतःच्याच डोळ्यांना म्हणतो, घ्या मेल्यांनो, बघून घ्या पोटभर हे सुंदर दृश्य! प्लेटोला यातून मनाचे वेगवेगळे भाग कसे एकमेकांशी भांडतात ते सांगायचं होतं. मला मात्र त्या माणसाचं डोळ्यांवर चिडणं फार ओळखीचं वाटतं. सगळा दोष डोळ्यांचा. तो स्वतः बिचारा नुसता त्यांच्यामागून ओढला गेला. मीही 'चुकून प्ले झालं' असं म्हणते.

अपघाताच्या जागी वाहनं हळू होतात, तेवढ्यापुरता लिऑन्टियस मला पटतो. पण बघण्याची ही ओढ क्षणाची असते, बघून झालं की ओसरते. त्यानं आठ-आठ भागांची मालिका ऐकून होत नाही. तिथं दुसरं काहीतरी असलं पाहिजे. मी स्वतःवरच थोडा पहारा ठेवला. कुठल्या जागी माझा हात थांबतो, कुठं मी भाग मागे नेऊन पुन्हा ऐकते?

खुनाच्या वर्णनाला नाही थांबत. तिथं मी उलट पुढे सरकवते. मी थांबते ती असल्या वाक्यांना: सहा वाजून चाळीस मिनिटांनी तिनं कपाटाला कुलूप लावलं. त्या दिवशी त्यानं नेहमीचा रस्ता सोडून दुसरा घेतला. टेबलावर अर्धा भरलेला पेला होता. बाकी कुठल्या गोष्टीत अर्ध्या पेल्याला एवढी किंमत मिळते? आपण रोज किती पेले अर्धे ठेवतो. कुणी विचारत नाही. इथं मात्र पाच माणसं त्या पेल्याभोवती उभी राहतात, त्याचा फोटो काढतात, पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी चिकटवतात आणि पंचनाम्यात तो पेला लिहिला जातो.

खरे गुन्हे कसे उघडकीला आले ते पाहिलं की याची खात्रीच पटते. न्यूयॉर्कमध्ये १९७६-७७ साली गोळ्या झाडून माणसं मारत सुटलेला डेव्हिड बर्कोविट्झ, ज्यानं स्वतःला 'सन ऑफ सॅम' म्हणवून घेतलं, तो सापडला तो गाडी चुकीच्या जागी लावल्याच्या पावतीवरून. शेवटच्या खुनाच्या रात्री जवळच आग विझवण्याच्या नळासमोर त्यानं गाडी उभी केली होती. अख्खं शहर दहशतीत, शेकडो पोलीस कामाला, आणि हाती आली ती पार्किंगची पावती. कॅन्ससमधला डेनिस रेडर १९७४ ते १९९१ या काळात दहा माणसं मारून नामानिराळा राहिला. पुढं त्याला पुन्हा प्रसिद्धीची हाव सुटली. तो पोलिसांना पत्रं पाठवू लागला आणि एकदा त्यानं चक्क पोलिसांनाच विचारलं की, फ्लॉपी पाठवली तर त्यावरून माझा माग तर लागणार नाही ना? नाही लागणार, असं उत्तर पोलिसांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून दिलं. त्यानं विश्वास ठेवला! फ्लॉपीवर पुसून टाकलेल्या एका फाइलीत चर्चचं नाव आणि 'डेनिस' एवढं शिल्लक होतं. २००५ साली तो पकडला गेला. आणि कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकांत बलात्कार आणि खून करत फिरलेला जोसेफ डी'अँजेलो, जो एकेकाळी स्वतःच पोलीस होता, तो २०१८ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी हाती लागला. आपली कुळं शोधण्यासाठी लोक जिथं स्वतःचे डीएनए नोंदवतात अशा संकेतस्थळावर त्याचे लांबचे नातेवाईक सापडले, त्यांच्यावरून वंशवृक्ष मांडला गेला, आणि शेवटची खात्री झाली ती कचऱ्यात टाकून दिलेल्या एका टिश्यू पेपरवरून.

पावती, फ्लॉपी, टिश्यू पेपर. माझ्या पर्सचा तळ उपसला तर असलंच काहीबाही निघेल. आमच्या आयुष्यातल्या फालतू वस्तूंना काही अर्थ आहे, त्या कुठंतरी नोंदल्या जातायत, एक दिवस त्या सगळ्या मिळून कुणाला तरी काहीतरी सांगतील, असं मानायला माझ्याकडं दुसरा कुठलाच आधार नाही. देवावर तेवढा भरवसा असता तर कदाचित मला हे ऐकावं लागलं नसतं. हे मी अर्धं गमतीत म्हणतेय. मराठीत खुनाला 'वाचा फुटते' म्हणतात. बोलणारा गेलेला असतो, पण गुन्ह्याला जीभ येते, आणि ती बहुतेक वेळा एखाद्या पावतीची असते.

भाषेवरून आठवलं. माझी ही आवड मुळात कानांची नाहीच, वाचनाची आहे. वर्तमानपत्रातल्या आतल्या पानांची. लहानपणी मला गुन्ह्याच्या बातम्यांतल्या मराठीचं विलक्षण आकर्षण होतं, कारण ती दुसरीकडे कुठंच भेटत नसे. माणसं घरात माणसं असत, बातमीत शिरली की 'इसम' होत. मेला की 'मयत'. 'रक्ताच्या थारोळ्यात' पडलेला. हे थारोळं रक्ताखेरीज दुसऱ्या कशाचं असल्याचं मी तरी आजवर वाचलेलं नाही. शस्त्र कधी नुसतं नसे, 'धारदार' असे. आरोपी आधी 'फरार' मग 'गजाआड', आणि मध्ये कुठंतरी 'मुसक्या आवळल्या'. मुसक्या म्हणजे तोंडावरची काहीतरी जाळी असावी असं मला कित्येक वर्षं वाटायचं. दोन्ही हात पाठीमागे करकचून बांधणं, हे फार उशिरा कळलं. 'इसम' हा शब्द तर अरबीतून आला आणि तिथं त्याचा अर्थ 'नाव'. म्हणजे 'अज्ञात इसमाने' म्हणताना आपण 'माहीत नसलेल्या नावाने' असंच म्हणत असतो. हे कळलं त्या दिवशी मला एखादा तपास लागल्याइतका आनंद झाला होता.

या सगळ्या शब्दांत मला सगळ्यात छळणारे शब्द मात्र साधे आहेत. 'किरकोळ कारणावरून.' किरकोळ कारणावरून खून. हा मथळा इतक्यांदा वाचलाय की डोळा त्यावरून घसरून जातो. पण थांबून वाचला तर अंगावर येतो. कारण किरकोळ आणि खून. या दोहोंमध्ये जी दरी आहे, ती बुजवायला मी ऐकते, असं मला आता वाटतं. कुणीतरी आठ भाग घेऊन मला सांगावं की, कारण किरकोळ नव्हतं. कुठंतरी पाणी मुरत होतं, लहानपणी काही घडलं होतं, पैशांची भानगड होती, चिन्हं दिसत होती. बघणाऱ्याला दिसली असती.

बहुतेक खुनांत तसं काही नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे ४ लाख ५८ हजार माणसांचा खून झाला. मारल्या गेलेल्यांत दर पाचांतले चार पुरुष. भांडणं, टोळ्या, दारू, जमीन, बंदूक हाताशी असणं. यातल्या फारच थोड्या गोष्टींची मालिका होते. गोष्टी होतात त्या हुशार, थंड डोक्याच्या, एकामागून एक बळी घेणाऱ्यांच्या. असे लोक आकडेवारीत चिमूटभर असतात. मी ऐकते ते गुन्ह्यांचं जग नव्हे. त्यातून वेचून घेतलेलं, गुंफता येईल असं काहीतरी आहे. मारणाऱ्याचं कारण जेवढं भुरटं, तेवढी त्याची गोष्ट कमी विकली जाते.

बायकांना हे जास्त आवडतं, असंही दिसतं. अमांडा व्हिकॅरी आणि ख्रिस फ्रेली या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं आणि युद्धासारख्या दुसऱ्या हिंसक विषयांवरची पुस्तकं यांतून निवडायला सांगितलं तर बायका पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात गुन्ह्यांकडे वळत होत्या. आणि त्यातही, मारेकऱ्याच्या तावडीतून निसटायची एखादी युक्ती आत सांगितलेली असेल, तो असा का झाला हे असेल, किंवा जिच्यावर बेतलं ती बाई असेल, तर ओढा आणखी वाढत होता. म्हणजे आम्ही अभ्यास करतोय, असा एक अर्थ निघतो. हा अर्थ मला सोयीचा आहे म्हणून मी त्याच्याकडे जरा संशयानंच बघते. तरी तो अगदीच खोटा नाही. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस शिरला की मी बटणांच्या बाजूला उभी राहते. हे मला कुणी शिकवलं? कुठल्या तरी भागातल्या कुठल्या तरी मेलेल्या बाईनं.

पण अभ्यासच करायचा तर मी चुकीचं पुस्तक वाचतेय. त्याच संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली ज्या बायका आणि मुली मारल्या गेल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जोडीदाराच्या किंवा घरातल्याच कुणाच्या हातून गेल्या. पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण त्याच्या जवळपासही जात नाही. लिफ्टमधला अनोळखी माणूस हा तसा बराच सुरक्षित प्राणी आहे. गोष्टी ऐकणाऱ्या बायकांना हे आतून ठाऊक असतं, म्हणून तर भाग सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर आमचं ठरलेलं असतं: नवरा.

इथवर मी स्वतःला बऱ्यापैकी सांभाळून घेतलं होतं. तपशिलाची आवड, भाषेची आवड, सावधगिरी. मग माझ्या शेजारच्या टेबलावर एक नवी बाई आली.

ओळख गुन्ह्यावरूनच झाली. मी कुणाला तरी एका गाजलेल्या प्रकरणाची गोष्ट रंगवून सांगत होते, हातवारे करून. ती पलीकडून म्हणाली, "नाही, फोन सव्वानऊला बंद झाला. साडेनऊला शेजारणीनं आवाज ऐकला." बरोबर होतं तिचं. मग काय! कामातून मान वर न करता आम्ही भागांवर बोलायचो. तिचे अंदाज माझ्यापेक्षा चांगले असत. संशयित कोण हे ती सांगायची नाही. पोलिसांनी काय विचारायचं राहून गेलं, हे सांगायची. मला वाटलं, हिनं वकिली करायला हवी होती.

वर्षभरानं एकदा आम्ही दोघीच उशिरापर्यंत थांबलो होतो. निघताना फोन वाजला म्हणून तिनं घेतला, दोन शब्द बोलली आणि ठेवला. "पुढची तारीख पडली," म्हणाली. मी विचारलं, कसली? तेव्हा कळलं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या भावाचा खून झाला होता. भांडणातून. आरोपी जामिनावर बाहेर. दोन साक्षीदार फितूर झाले होते, तपास करणारे अधिकारी निवृत्त होऊन गेले होते. तिनं हे सगळं चपला घालता घालता सांगितलं.

मला घेरी आल्यासारखं झालं. वर्षभर मी हिच्यासमोर काय काय बोलले होते ते सगळं एकदम आठवलं. हातवारेसुद्धा. मी कशीबशी म्हणाले, "आणि तरी तू हे ऐकतेस?"

"त्यात शेवटी कळतं ना," ती म्हणाली.

मग जिना उतरताना ती बोलत राहिली, आणि तिच्या बोलण्यात ना रडणं होतं ना माझ्यावरचा राग. तिला फक्त एका गोष्टीचा वैताग होता. "यांच्या गोष्टीत मेलेलं माणूस हसलं की खोली उजळायची. प्रत्येक माणूस! सगळ्यांना मदत करायचा, कुणाला दुखवायचा नाही. अगं, माझा भाऊ तिरसट होता. फोनवर हॅलोसुद्धा म्हणायचा नाही, एकदम भांडायलाच लागायचा. माझ्याकडून घेतलेले पैसे त्यानं कधी परत दिले नाहीत. उद्या कुणी त्याच्यावर भाग केला तर पहिल्या दोन मिनिटांत त्याला चांगला करून टाकतील. मग कोण उरलं त्यात माझं?"

त्या रात्री मी काही ऐकलं नाही. फार विचार केला म्हणून नव्हे, लाज वाटत होती म्हणून.

पुढं बरेच दिवस मात्र तिचं वाक्य डोक्यात घोळत राहिलं, आणि मला कॉलेजात शिकलेलं, परीक्षेनंतर विसरलेलं रसशास्त्र आठवलं. भयानक आणि बीभत्स हेही रस आहेत, हे नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतानं कधीच सांगून ठेवलंय. भीतीतून आनंद कसा, हा प्रश्न आपल्या परंपरेला लाज आणत नाही, ती त्याचा व्यवस्थित विचार करते. हजारेक वर्षांपूर्वी अभिनवगुप्त या त्याच्या भाष्यकारानं भयानक रसासाठी शाकुंतलाच्या सुरुवातीचं हरीण घेतलं. राजाच्या बाणापुढं पळणारं, मान वळवून वळवून मागं रथाकडं बघणारं. ते पाहताना प्रेक्षकाला 'मी भ्यालो' असं वाटत नाही आणि 'ते अमुक हरीण भ्यालंय' असंही नाही. ती भीती त्या जागेपासून, त्या वेळेपासून, त्या हरणापासून सुटते. कुणाचीच राहत नाही, म्हणून सगळ्यांची होते, आणि म्हणून चाखता येते. याला साधारणीकरण म्हणतात. शब्द गुळगुळीत झालाय, पण कल्पना विलक्षण आहे.

खऱ्या गुन्ह्याच्या गोष्टीची गंमत अशी, की ती दोन्ही दगडांवर पाय ठेवते. एकीकडे ती प्रत्येक भागाच्या सुरुवातीला बजावते: हे खरं घडलंय, ही तारीख, हे नाव. ते 'खरं' काढून टाकलं तर मी ऐकणार नाही. मनानं रचलेल्या खुनांचा मला कंटाळा येतो. पण दुसरीकडे रस यायचा असेल तर त्या माणसाला हरीण करावंच लागतं. त्याचा तिरसटपणा, त्याची उधारी, फोनवर हॅलो न म्हणणं, हे सगळं तासून काढावं लागतं. राहतो तो हसला की खोली उजळणारा कुणीतरी. कुणाचाही भाऊ. मी चाखत होते तो रस आणि ती जिन्यावर बोलत होती तो माणूस, यांच्यामध्ये हा रंधा फिरलेला असतो.

हा रंधा जुना आहे. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या पोलस्टेड नावाच्या खेड्यात १८२७ साली विल्यम कॉर्डर यानं मारिया मार्टेन या तरुणीला मारून एका कोठारात पुरलं. ते लाल कोठार म्हणून ओळखलं जात होतं. पुढच्या वर्षी तिचं प्रेत सापडलं, कॉर्डर पकडला गेला आणि हजारो लोकांसमोर फासावर गेला. खटला संपायच्या आत त्याच्यावरची नाटकं लागली होती, गाणी छापून विकली जात होती. आणि लोकांनी त्या कोठाराच्या फळ्या उचकटून आठवण म्हणून घरी नेल्या. कॉर्डरच्या कातडीत बांधलेली, त्याच्याच खटल्याची हकिकत सांगणारी एक प्रत बरी सेंट एडमंड्सच्या संग्रहालयात आजही आहे. मारियाचं थडगंही होतं. त्याच्या दगडाचे टवके लोकांनी काढून काढून नेले. काय करत असतील त्या फळीचं घरी नेऊन? मी आधी हसले होते. मग माझ्या फोनवर उतरवून ठेवलेल्या भागांची यादी बघितली आणि हसू आवरलं.

मारणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, हा तर जगजाहीर अन्याय आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ साली, ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, पाच बायका मारल्या गेल्या. मारणारा कधीच सापडला नाही, तरी त्याचं 'जॅक द रिपर' हे टोपणनाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ज्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही त्याला आपण नावानं ओळखतो, आणि ज्यांची नावं कागदावर व्यवस्थित आहेत त्या पाच बायका नुसत्या 'पाच'. मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज, मेरी जेन केली. मला ही नावं ओळीनं पाठ नव्हती. मारण्याच्या पद्धती पाठ होत्या.

कायद्यानंही एकदा यात हात घालून पाहिला. बर्कोविट्झ आपली कहाणी विकून पैसे कमावणार अशी चर्चा झाली तेव्हा न्यूयॉर्क राज्यानं १९७७ साली कायदा केला की, गुन्हेगाराला स्वतःच्या गुन्ह्याच्या गोष्टीतून मिळणारे पैसे अडकवून ठेवायचे आणि ते पीडितांकडे वळवता यायला हवेत. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. नंतर तो बदलून पुन्हा आणावा लागला. गुन्हेगाराच्या खिशात किती जावं हे तरी कुणी विचारलं. माझ्यासारखीच्या कानात किती जावं, हे कुठल्या कलमात बसवणार?

एक गोष्ट मात्र मी सोडली. स्वतः तपास करणं. आधी मी निकाल न लागलेल्या प्रकरणांच्या चर्चा वाचायचे, नकाशे उघडून अंतरं मोजायचे, एकदोनदा माझी शंकाही लिहून टाकली होती. २०१३ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा इंटरनेटवरच्या हौशी मंडळींनी फोटोंवरून एका बेपत्ता विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवलं. त्याच्या घरच्यांचे ते दिवस कसे गेले असतील याची कल्पना करवत नाही. त्याचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. तो त्याआधीच मरण पावला होता, हे नंतर कळलं. सुतावरून स्वर्ग गाठायची ही सवय मला चांगली ओळखीची आहे. अर्ध्या पेल्याला अर्थ असतोच, असं मानणारं माणूस सगळ्यात आधी ह्याच खड्ड्यात पडतं. प्रत्येक पेल्याला नसतो. कधी कधी कुणाला तहान लागलेली असते, आणि मग नसते.

मी ऐकणं सोडलं नाही. सोडलं असं लिहिता आलं असतं तर लेख जरा बरा दिसला असता. आता फक्त मी पहिली दोन मिनिटं, ती खोली उजळणारी, कान देऊन ऐकते. त्यात कुठं एखादी फट दिसते का बघते. मागे एकदा एका गेलेल्या माणसाबद्दल त्याची बहीण म्हणाली, तो बुद्धिबळात हरला की पट उधळून द्यायचा. निवेदकानं ते कापलं नव्हतं. मी तो भाग मागे नेऊन तेवढं वाक्य तीनदा ऐकलं.

परवा शेजारच्या टेबलावरचीचा रात्री मेसेज आला. भावाच्या खटल्याची तारीख होती त्या दिवशी, म्हणून मी जरा धास्तावूनच उघडला. न्यायाधीश रजेवर, पुढची तारीख दोन महिन्यांनंतर, असं एका ओळीत होतं. लगेच खाली दुसरा मेसेज: "तो नवा ऐकलास का? पाचवा भाग ऐक. नवऱ्यानं नाही केलेलं."

मी अजून तिसऱ्यावर होते. "पुढचं सांगितलंस तर बघ," असं लिहून पाठवलं, आणि बनियनची बाही सरळ करून इयरफोन कानात घातला.